विचारा, सांगते : बर्फापेक्षा दहा अंश बरे?

मागच्या अंकात मेंदूमृत्यूवर लिहिलं आणि पत्रं आली ती बरीचशी फुप्फुसांवर. किडनी-लिव्हरचे प्रश्न यंदा मागे पडले. कोविडमध्ये आपल्याकडे घराघरांत ऑक्सिजनचं मशीन येऊन बसलं, तेव्हापासून लोक फुप्फुसांचा विचार करायला लागले असावेत. पहिल्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देते, बाकीची त्याला धरून.

प्रश्न : माझ्या यजमानांना फुप्फुसांचा फायब्रोसिस (फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार) आहे, घरी चोवीस तास ऑक्सिजन लागतो. हैदराबादला प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घातलंय. तिथले डॉक्टर म्हणाले, काढलेलं फुप्फुस बर्फात सहा-आठ तासच टिकतं. माझा भाचा म्हणतो, परदेशात आता बर्फाऐवजी १० अंशांवर ठेवतात आणि ते रात्रभर टिकतं. हे खरं का? जितकं जास्त थंड तितकं जास्त टिकायला हवं ना?
(प्राथमिक शिक्षिका, गंगाखेड)

उत्तर : ताई, भाचा बरोबर सांगतोय. त्याच्या सांगण्यातला एक तुकडा सुटलाय, तो पुढे येईल.

आधी फुप्फुस निघतं कसं ते बघा, म्हणजे पुढचं समजेल. मी भूलतज्ज्ञ. दात्याच्या ऑपरेशनला माझी जागा डोक्याशी, व्हेंटिलेटरजवळ. हृदय, लिव्हर, किडनीवाल्या टीम आपापल्या बाजूनं कामाला लागलेल्या असतात. सगळ्यांची तयारी झाली की महाधमनीला क्लॅम्प लागतो आणि तिथून घड्याळ सुरू. त्याआधी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेलं असतं. फुप्फुसाच्या धमनीत प्रोस्टाग्लँडिन सोडलेलं असतं, म्हणजे आतल्या बारीक वाहिन्या आकसत नाहीत. मग त्याच धमनीतून थंडगार द्रव सोडायचा. त्याची पिशवी फार उंच टांगायची नाही. जोर जास्त झाला की द्रव वाहिन्यांतून झिरपून फुप्फुसातच साचतो. हृदयाच्या डाव्या कर्णिकेला चीर दिलेली असते. तिथून आधी गडद लाल, मग गुलाबी, मग जवळजवळ स्वच्छ पाणी बाहेर पडतं.

हे चाललेलं असताना व्हेंटिलेटर बंद करायचा नसतो. छातीत बर्फाचा चुरा ओतलेला, हृदय थांबलेलं, आणि फुप्फुसं मात्र त्या बर्फात वर-खाली होतायत. बघता बघता ती पांढरी पडतात. पांढरी पडली म्हणजे रक्त नीट धुऊन निघालं. कुठे लाल चट्टा राहिला तर तिथं द्रव पोचला नाही असं समजायचं. मग सर्जन म्हणतात, “मॅडम, धरा आता.” साधारण ५० टक्के ऑक्सिजनवर फुप्फुसं निम्म्याहून थोडी जास्त फुगवून मी तशीच धरून ठेवायची आणि त्यांनी श्वासनळीवर स्टेपलर मारायचा. फुप्फुसं पूर्ण फुगवायची नाहीत, आणि विमानानं जायची असतील तर मुळीच नाही. वर हवेचा दाब कमी होतो, आतली हवा पसरते आणि नाजूक वायुकोश ताणले जातात.

ही हवा भरून ठेवण्याची सोय फक्त फुप्फुसालाच आहे. किडनीचा रक्तपुरवठा तुटला की तिचा ऑक्सिजन तुटलाच. फुप्फुसाच्या वायुकोशांत मात्र भरलेला ऑक्सिजन शिल्लक असतो आणि त्यावर पेशी हळूहळू का होईना जगत राहतात. पुढची सगळी गोष्ट या शिल्लक ऑक्सिजनवर चालते.

बाहेर टेबलवर घेतलं की फुप्फुस पुन्हा एकदा धुतात, या वेळी उलट्या दिशेनं, शिरांकडून धमनीकडे. पहिल्या धुण्यात न निघालेल्या बारीक गुठळ्या अशा वेळी धमनीच्या तोंडातून बाहेर पडतात. मग एकात एक अशा तीन निर्जंतुक पिशव्या, आतल्या पिशवीत तोच थंड द्रव, आणि हे सगळं बर्फाच्या पेटीत. द्रवही साधा नसतो. पूर्वी किडनीसाठी बनवलेलं, भरपूर पोटॅशियमचं द्रावण फुप्फुसालाही वापरायचे; त्या पोटॅशियमनं वाहिन्या आवळल्या जायच्या. आता पोटॅशियम कमी ठेवतात, त्यात थोडं ग्लुकोज, आणि डेक्स्ट्रान घालतात. डेक्स्ट्रानमुळे पाणी वाहिन्यांच्या आत राहतं आणि उरल्यासुरल्या लाल पेशी एकमेकींना चिकटत नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न, जास्त थंड का नको. थंडीनं पेशीची भूक कमी होते हे खरं. तापमान १० अंशांनी उतरलं की पेशीचं काम निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं, म्हणून तर बर्फ वापरतात. पण बर्फाच्या पेटीतल्या ४ अंशांवर भूक मंदावते तसा पेशीचा दुरुस्ती विभागही जवळजवळ बंद पडतो. पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर फेकणारा पंप असतो, तो थांबतो. सोडियम आत साठतं, मागोमाग पाणी येतं, पेशी फुगते. पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया या थंडीनं दुखावतात. पेटीत असेपर्यंत हे बाहेर दिसत नाही. फुप्फुस दुसऱ्याच्या छातीत बसवून गरम रक्त सुरू केलं की मात्र दुखावलेले मायटोकाँड्रिया घातक ऑक्सिजन-कण सोडतात, वाहिन्या गळायला लागतात आणि नवं फुप्फुस पाण्यानं भरतं. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या ७२ तासांत डॉक्टरांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती याच बिघाडाची.

१० अंशांवर भूक अजून कमीच असते, पण मायटोकाँड्रिया तग धरून राहतात. हाताशी वायुकोशांतला ऑक्सिजन असतो, द्रवातलं ग्लुकोज असतं, तेवढ्यावर त्यांचं भागतं. टोरांटोच्या गटानं डुकरांची फुप्फुसं ३६ तास ठेवून पाहिली, काही ४ अंशांवर, काही १० अंशांवर. १० अंशांवरची स्पष्टपणे चांगली निघाली. हे काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे टोरांटो, व्हिएन्ना आणि माद्रिद या तीन ठिकाणी मिळून ७० रुग्णांना अशी फुप्फुसं बसवली. ते निष्कर्ष २०२३ मध्ये आले. संध्याकाळी-रात्री काढलेलं फुप्फुस १० अंशांवर ठेवायचं आणि ऑपरेशन सकाळी ताज्या टीमनं करायचं, अशी रीत त्यांनी ठेवली. कितीतरी फुप्फुसं १२ तासांहून जास्त वेळ बाहेर राहिली, तरी नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत पहिल्या ७२ तासांतला गंभीर बिघाड वाढला नाही. चाचणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, तशाच इतर रुग्णांशी ताडून पाहिलेली होती, हे ध्यानात ठेवायचं. तरी माझ्यापुरतं तिनं पटवलं.

मला गंमत वाटते ती वेगळीच. १० अंश बरे, हे सशांच्या फुप्फुसांवरच्या प्रयोगांत १९८० च्या दशकाच्या शेवटीच दिसलं होतं. तीस वर्षं ते कागदावर पडून राहिलं, कारण बर्फ कुठल्याही दवाखान्यात मिळतो आणि फुकट मिळतो. पेटीत नेमके १० अंश धरून ठेवायचे तर तसं यंत्र लागतं, आणि १५ अंशांवर गेलं तर काय, ही भीती. माणसं सोपं ते धरतात, सर्जनही माणसंच.

आता भाच्याकडून सुटलेला तुकडा. त्या ७० जणांची फुप्फुसं दात्याच्या दवाखान्यातून बर्फाच्या पेटीतूनच आली. १० अंशांचा फ्रिज होता तो बसवणाऱ्या दवाखान्यात. म्हणजे गाडीतला प्रवास होता तसाच राहिला, लांबला तो थांबण्याचा काळ. वाटेतही तापमान धरून ठेवणाऱ्या पेट्या आता निघाल्यात, पण त्या महाग आहेत.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय? हैदराबादच्या यादीत नाव असेल तर फुप्फुस बहुतेक तेलंगणातूनच येणार, तेव्हा फुप्फुसाच्या प्रवासाची काळजी तुम्ही करू नका. काळजी करायची ती यजमानांच्या प्रवासाची. फोन आला की तुम्हाला गंगाखेडहून हैदराबाद गाठायचंय, तेही बहुधा रात्री. बर्फाच्या हिशेबात तुमच्या वाट्याला फार थोडे तास येतात, म्हणूनच केंद्रं रुग्णाला जवळ खोली घेऊन राहायला सांगतात. घरभाडं, दोन स्वयंपाकघरं, तुमची शाळा, हे सगळं मला समजतं. केंद्राला सरळ विचारा : तुमच्याकडे १० अंशांवर ठेवायची सोय आहे का, नसेल तर आम्ही किती तासांत पोचलं पाहिजे? उत्तर आकड्यात घ्या. “लवकर या” हे उत्तर नव्हे.

आणि गाडीतल्या ऑक्सिजनचा हिशेब आजच करून ठेवा. बी टाइपच्या छोट्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला ४ लिटर लागत असेल तर तो जेमतेम सहा तास पुरतो. गाडी बंद पडणं, रस्ता अडणं धरा आणि दोन भरलेले सिलिंडर, दोन रेग्युलेटर, एक पाना एवढं घरात एका जागी ठेवा. पाना विसरतो आणि सिलिंडर उघडत नाही, हे मी पाहिलंय. घरच्या मशीनवर विसंबू नका, ते विजेवर चालतं आणि आपल्याकडची लाइट तुम्हाला माहीतच आहे.

एक दिलासा देते. कॅनडात टोरांटोला १९८३ मध्ये ज्या रुग्णाला फुप्फुस बसवून पहिल्यांदा खरं यश मिळालं, त्यालाही फायब्रोसिसच होता. त्याच्या वीस वर्षं आधी, १९६३ मध्ये, अमेरिकेत पहिलं मानवी फुप्फुस बसवलं तेव्हा रुग्ण १८ दिवस जगला होता.

प्रश्न : मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आयुष्यभर लशी सांभाळल्या. आमचा आयएलआर (लशींचा फ्रिज) २ ते ८ अंशांत असायचा, ९ झाले की मेडिकल ऑफिसर ओरडायचे. लस ८ च्या वर नको आणि फुप्फुस मात्र १० ला चालतं, हे कसं?
(निवृत्त एएनएम, हिंगोली जिल्हा)

उत्तर : सिस्टर, लस जिवंत अवयव नाही. तिला खायला लागत नाही, श्वास लागत नाही, ती फक्त बिघडता कामा नये. फुप्फुस पेटीतही थोडंसं जगत असतं, म्हणून त्याला तेवढी ऊब सोडावी लागते. पण तुमच्या कामातली एक गोष्ट इथं अगदी तंतोतंत लागू पडते. तुम्ही पेंटा किंवा टीडी लस कॅरियरमध्ये ठेवण्याआधी आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढून घाम फुटेपर्यंत बाहेर ठेवायचात, हलवून आत पाणी वाजतंय का बघायचात. का? कडक गोठलेल्या पॅकला चिकटून लस गोठली तर ती वाया. बर्फाच्या पेटीत फुप्फुसाचंही तेच होतं. सांगताना आपण ४ अंश म्हणतो, पण बर्फ शून्याचा असतो. जिथं पिशवी बर्फाला टेकते तिथं फुप्फुस ४ च्याही खाली जातं. म्हणून मधल्या पिशवीत द्रवाचा थर ठेवायचा. लस गोठून वाया गेली का हे बाटली हलवून बघायची तुमची शेक टेस्ट मात्र फुप्फुसाला नाही. कुठला भाग थंडीनं दुखावला ते गरम रक्त सुरू झाल्यावरच कळतं. १० अंशांचा एक कमी बोलला जाणारा फायदा हाच, की त्यात बर्फाचा थेट संबंधच राहत नाही.

प्रश्न : मी रुग्णवाहिका चालवतो. समृद्धी झाल्यापासून संभाजीनगर-मुंबई वेळ बराच वाचतो. ग्रीन कॉरिडॉरमध्ये, म्हणजे रस्ता मोकळा करून, किडनी-लिव्हर नेतात असं ऐकतो, पण फुप्फुस फार कमी वेळा. चांगली पेटी आली तर आपल्याकडची फुप्फुसं वाया जाणार नाहीत ना?
(जालना)

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न मला या सगळ्या पत्रांत जास्त महत्त्वाचा वाटला, आणि उत्तर तुम्हाला आवडणार नाही. पेटी कितीही चांगली आणा, आपल्याकडची बरीच फुप्फुसं पेटीपर्यंत पोचतच नाहीत. ती आयसीयूतच बिघडतात.

मराठवाड्यात फुप्फुस बसवणारं केंद्र नाही. त्यामुळे इथं मिळालेलं फुप्फुस बाहेरच जाणार, कधी मुंबईला, कधी पुण्याला, कुठे जुळणारा रुग्ण असेल तिथं. अवयववाटप बघणारी संभाजीनगरची विभागीय समिती कळवते, राज्याची यादी बघितली जाते, मग बाहेरची. तिकडची टीम विमानानं येते. ब्राँकोस्कोप (श्वासनळीत घालायची कॅमेऱ्याची बारीक नळी) घालून बघते, शंभर टक्के ऑक्सिजनवर रक्तातला ऑक्सिजन मोजते, आणि कितीदा तरी नको म्हणून परत जाते. फुप्फुसाच्या बाबतीत जगभर ही अडचण आहे. बहुतेक देशांत अवयव देणाऱ्या दर पाच जणांत जेमतेम एकाची फुप्फुसं वापरली जातात.

कारण साधं आहे. दाता बहुतेक वेळा डोक्याला मार लागून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन आलेला असतो. बेशुद्धीत उलटी झाली, ती श्वासनळीत गेली. ज्या गावात अपघात झाला तिथून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, मग मोठ्या दवाखान्यात. वाटेत श्वासासाठी नळी घातलेली नाही, तोंड साफ केलेलं नाही. मग व्हेंटिलेटरवर पाच-सहा दिवस, न्यूमोनिया. बीपी पडतंय म्हणून सलाइनवर सलाइन. ते पाणी शेवटी फुप्फुसातच उतरतं.

पेटीपेक्षा स्वस्त उपाय इथं आहे. युरोपातल्या १२ आयसीयूंनी मिळून केलेला एक अभ्यास २०१० मध्ये आला. संभाव्य दात्यांना दोन गटांत चिठ्ठ्या टाकून वाटलं. एका गटाला नेहमीसारखे मोठे श्वास दिले. दुसऱ्याला लहान श्वास, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे ६ ते ८ मिलिलिटर, आणि श्वास सोडल्यावरही थोडा दाब राखून ठेवलेला. अ‍ॅप्निया टेस्टच्या वेळीही (मेंदूमृत्यू ठरवताना व्हेंटिलेटर थांबवून रुग्ण स्वतः श्वास घेतो का ते बघतात, ती तपासणी) नळी उघडी न सोडता दाब धरून ठेवला, म्हणजे फुप्फुस मिटून जात नाही. पहिल्या गटातल्या २७ टक्के दात्यांची फुप्फुसं प्रत्यारोपणासाठी प्रत्यक्ष काढली गेली, दुसऱ्यातल्या ५४ टक्क्यांची. बरोब्बर दुप्पट, आणि त्यासाठी नवं यंत्र लागलं नाही. व्हेंटिलेटरची बटणं तीच, फक्त वेगळ्या आकड्यांवर फिरवली. हे जिल्ह्याच्या दवाखान्यात आज रात्री करता येतं. त्यात डोकं ३० अंश वर, दर दोन तासांनी कूस बदल, नळीतलं सक्शन आणि सलाइनचा हात आखडता, एवढं घाला. पेटीसाठी निधी मागणारे अर्ज मी खूप पाहिले. कूस बदलणाऱ्या मावशीची एक जागा भरा, असा अर्ज अजून पाहिला नाही.

तरीही काही फुप्फुसांबद्दल शंका उरतेच. त्यांच्यासाठी परदेशात वेगळी सोय आहे. फुप्फुस पारदर्शक झाकणाखाली ठेवायचं, ३७ अंशांवर द्रव फिरवायचा, व्हेंटिलेटर लावायचा आणि चार-सहा तास ते कसं वागतंय ते बघायचं. शरीराबाहेर असं फुप्फुस तपासून बसवण्याचा पहिला प्रयोग २००० मध्ये स्वीडनमधल्या लुंडचे डॉ. स्टिग स्टीन यांनी केला. टोरांटोच्या टीमनं ती पद्धत पुढे नेली आणि धोक्याची समजली गेलेली फुप्फुसंही चांगली चालली, हे २०११ मध्ये दाखवलं. खर्चाचं काम आहे. पण आधी वाया जाणारं फुप्फुस वाचवायचं की आधी महागडी पेटी घ्यायची, असं मला विचारलंत तर मी आयसीयूच्या बाजूनं मत देईन.

तुमच्या हातात आहे तेवढं सांगते. अपघातातला बेशुद्ध माणूस उचलताना मानेला धक्का न लावता त्याला पूर्ण एका कुशीवर घ्या, सक्शन चालू आहे का ते निघण्याआधी बघा, तोंडातली उलटी काढा. तो जगावा म्हणूनच हे करायचं. आणि ग्रीन कॉरिडॉरमध्ये पेटी नेताना वेगापेक्षा एकसारखी चाल बरी. पेटी आडवी होऊ देऊ नका, सीटला पट्ट्यानं बांधा, वाटेत झाकण उघडून कुणालाही दाखवू नका.

प्रश्न : वडील वीस वर्षं बिडी ओढायचे, मी नाही. पण घरी चूल होती. आमच्यासारख्यांची फुप्फुसं चालतात का?
(उदगीर)

उत्तर : चुलीच्या धुरानं आपोआप कुणी बाद होत नाही. बिडी-सिगारेटचा हिशेब मात्र करतात : रोज एक पाकीट याप्रमाणे वीस वर्षांहून जास्त ओढली असेल तर पूर्वी सरळ नाही म्हणायचे. आता फोटो, सीटी आणि ब्राँकोस्कोपी बघून ठरवतात. ठरवायचं काम त्यांचं, तुम्ही आधीच स्वतःला बाद करू नका.

प्रश्न : आजी घरी वारल्या तर त्यांची फुप्फुसं देता येतील का?
(कळंब)

उत्तर : नाही. घरी मृत्यू झाला की हृदय थांबलेलं असतं आणि फुप्फुसाची वेळ निघून जाते. आपल्याकडे फुप्फुसं आयसीयूत, व्हेंटिलेटरवर, मेंदूमृत्यू दोनदा तपासून जाहीर झाल्यावर मिळतात. त्या दोन तपासण्यांत किमान ६ तासांचं अंतर लागतं. डोळे मात्र घरूनही देता येतात, सहा तासांच्या आत. पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि नेत्रपेढीला फोन करा. पुढचं ते बघतात. अवयवदानाची माहिती हवी असेल तर राष्ट्रीय संस्थेचा फुकट क्रमांक आहे : १८००-११-४७७०. कार्ड भरलंत तरी शेवटी सही घरच्यांची लागते, म्हणून आजींनी काय ठरवलंय ते मामांना आणि मावशीला आत्ताच सांगून ठेवा.